न्यू जर्सीत घरात रोपं तयार करून मग यार्डात भाजी लावायची आहे, सुरुवात कधी आणि कशी करू?

पेरूची_फोड

नमस्कार मंडळी. आम्ही ऑक्टोबरात एडिसनजवळ अपार्टमेंटमधून घरात शिफ्ट झालो, मागे बऱ्यापैकी मोठं यार्ड आहे आणि यंदा भाजी लावायचीच असं ठरवलंय. माझं माहेर सांगलीकडचं, तिकडे मृग लागला की आई परसात बी टाकायची आणि पुढचं सगळं पावसावर, त्यामुळे घरात दिव्याखाली रोपं वाढवायची आणि मग ती बाहेर न्यायची हे प्रकरण मला अगदी नवीन आहे. इथल्या मैत्रिणी म्हणतात की मिरची-वांगी घरात केली नाहीत तर मिरची लागेपर्यंत थंडी येते.

आता फेब्रुवारी संपत आला, बाहेर बर्फाचे ढीग तसेच आहेत पण दुकानात बियांचे स्टँड लागलेत आणि मी दोनदा जाऊन पाकिटं घेऊन आलेय 🙈 हवंय ते असं: मिरची, वांगी (काटेरी, भरल्या वांग्याची), टोमॅटो, दुधी, दोडका, कारली, भेंडी, मेथी, कोथिंबीर, वालपापडी. जमलं तर कांदा. आणि अळू.

प्रश्न बरेच आहेत. हे सगळंच आत्ता पेरायचं का? किचनला दक्षिणेची मोठी खिडकी आहे ती पुरेल की लाइट घ्यावेच लागतील (नवऱ्याचं मत आहे की हे लाइट म्हणजे पैसे काढायचे धंदे)? बेसमेंट आहे पण गारठा असतो, चालेल का? यार्डातली माती लालसर चिकट आहे, थंडी पडायच्या आधी कुदळ मारून बघितली तर टणकन वाजली, त्यात काही येईल का की लाकडाचे वाफे करून घेऊ? आणि शेवटचं, सासूबाई एप्रिलमध्ये येतायत, त्यांना गावठी वांग्याचं नि मिरचीचं बी आणायला सांगू का?

पाल्हाळ लागलं, सॉरी. पण एकदाच सगळं विचारून घेते.

गवती_चहा

अभिनंदन नव्या घराचं! मी पण तुझ्याच बाजूची, पार्लिनला. पाकिटं आणलीस ते ठीक, पण सगळं आत्ता पेरू नकोस गं. इथे नवीन माणसाची घाई हीच सगळ्यात जास्त नडते. खिडकीत एप्रिलमध्ये दोन फुटी टोमॅटो, बाहेर नेता येत नाही आणि घरात मावत नाही, ही तऱ्हा प्रत्येक ग्रुपमध्ये दर वर्षी असते.

हिशोब उलटा करायचा. आपल्याकडे शेवटचं फ्रॉस्ट (दव गोठून रोपं करपतात ते) साधारण एप्रिलच्या शेवटापासून मेच्या दहा-बारा तारखेपर्यंत कधीही पडतं, म्हणून इथले जुने लोक मदर्स डे धरतात, मेचा दुसरा रविवार. त्याच्या आधी टोमॅटो बाहेर नाही. तिथून मागे मोजत यायचं. मिरची आणि वांगी आठ ते दहा आठवडे आधी, म्हणजे तुझं मिरची-वांग्याचं बी मार्चच्या पहिल्या आठवड्यात ट्रेमध्ये. टोमॅटो भराभर वाढतो, त्याला सहा ते आठ आठवडे, म्हणजे मार्चची वीस तारीख ते महिनाअखेर, आणि मी तर म्हणेन महिनाअखेरच. दुधी, दोडका, कारली यांना तीन-चार आठवड्यांच्या वर घरात ठेवायचं नाही, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एकेका मोठ्या कुंडीत एकेक बी, कारण या वेलांच्या मुळांना हात लावलेला खपत नाही, नंतर उपटून दुसरीकडे लावलं की रुसून बसतात. कागदाच्या कुंड्या करून तशाच जमिनीत ठेवल्या तर उत्तम. कारल्याचं बी जाड सालीचं, नेलकटरने टोक जरा उडवून रात्रभर भिजवायचं.

भेंडीला सोटमूळ, ती सरळ जमिनीत मेच्या शेवटी, रात्रभर भिजवून. थंड मातीत टाकलीस तर बी कुजणार. उलट मेथी कोथिंबीर यांना थंडीच मानवते, त्यांना घरात काही करायचं नाही, एप्रिल लागला की बाहेर फेकायचं, आणि वाण्याच्या दुकानातली मेथी चालते हां, पाकीट नको. धणे मात्र हलक्या हाताने चोळून दोन फाका करून. जून आला, दिवस मोठा झाला आणि उकाडा सुरू झाला की कोथिंबीर तुरे काढून मोकळी होते, तेव्हा तिला सोडून द्यायचं आणि ऑगस्टअखेर परत टाकायची. आमच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरची कोथिंबीर एप्रिलच्या कोथिंबिरीपेक्षा कैक पटीने चांगली होते, गणपतीच्या आसपास पेरायची असं डोक्यात ठेव.

थोडक्यात तुझ्या यादीतलं मार्चमध्ये दिव्याखाली जायचं ते तीनच, मिरची वांगी टोमॅटो. अळूसाठी इंडियन स्टोअरमधून अरवीचे कंद आण, कोंब आलेले बघून, एप्रिलमध्ये कुंडीत लाव, जूनमध्ये बाहेर काढ. ते कसंही येतं, त्याचा विचार करू नकोस.

निवांतराव

एवढा व्याप कशाला म्हणतो मी? मेमध्ये गार्डन सेंटरला जा, तयार रोपं आणा, लावा, मोकळे व्हा. लाइट, ट्रे, हीट मॅट, टायमर, पंखा, एवढ्या पैशात वर्षभराची भाजी येते 😄

गवती_चहा

टोमॅटोचं मान्य, दोन-चार रोपं हवी असतील तर विकतच घ्या. पण निवांतराव, भरल्या वांग्याचं काटेरी वांगं गार्डन सेंटरात दाखवा बघू. तिथे लांबुडकं जपानी नाहीतर फुटबॉलएवढं इटालियन. मिरचीतही हालापेन्यो, केयेन आणि ढोबळी, ज्वाला क्वचित. जे मिळत नाही त्यासाठीच हा खटाटोप असतो.

खटपट्या_मिशिगन

लाइटबद्दल मी लिहितो कारण त्यात मला रस आहे आणि नवरोबांचं निम्मं बरोबर आहे. 'ग्रो लाइट' म्हणून जांभळ्या रंगाचे जे महाग विकतात ते नको. हार्डवेअरच्या दुकानात गॅरेजसाठी चार फुटी एलईडी शॉप लाइट मिळतात, पांढरे, ४००० ते ५००० केल्विनचे, ते रोपांना पुरतात. एक चार फुटी पट्टी दोन ट्रेंवर बसते, ट्रे लांबीला लांबी लावून ठेवायचे (इथले स्टँडर्ड ट्रे १० बाय २० इंच). जोडी घेतलीत तर अजून चांगलं, कडेची रोपं वाकत नाहीत. विजेचं म्हणाल तर ४० वॉटचा दिवा १६ तास म्हणजे दिवसाला ०.६४ युनिट, महिन्याला वीस युनिटच्या आत. त्यात धंदा कुणाचा होणार!

खिडकीचं मात्र नवरोबांना समजावून सांगा. आपल्याला खिडकीतला उजेड भरपूर वाटतो कारण आपले डोळे जुळवून घेतात, रोपाला तो एकाच बाजूने आणि मार्चमध्ये जेमतेम पाच-सहा तास मिळतो, त्यातही ढगाळ दिवस किती, मग ते उजेडाच्या शोधात लांब पांढुरकं होत जातं आणि रात्री काचेशी गारठतं ते वेगळं. दिवा रोपाच्या डोक्यापासून चार-पाच इंचांवर, साखळीला टांगायचा, रोप वाढेल तशी साखळी वर. टायमर लावून १४ ते १६ तास चालू, बाकी वेळ अंधार. चोवीस तास चालू ठेवू नका, टोमॅटोला तर ते अजिबात सोसत नाही.

बेसमेंट उत्तमच, गारठ्याचा प्रश्न फक्त बी रुजेपर्यंत असतो. मिरची-वांग्याला रुजायला खाली ८० ते ८५ फॅरनहाइट लागतं, ६० मध्ये पेरली तर महिना महिना वर येत नाही आणि आपल्याला वाटतं बी खराब. म्हणून ट्रेखाली हीट मॅट. ती खोलीपेक्षा १०-२० डिग्री जास्त ठेवते. वर पारदर्शक झाकण. बी रुजलं की झाकण काढायचं आणि मॅटही बंद, इथे लोक विसरतात आणि ओलाव्यात उबेत बुरशी धरते. उगवल्यावर खोलीचं ६५ वगैरे असलं तरी रोपं मजेत असतात, उलट जरा गारव्यात आखूड, जाड होतात. मिरचीला आठ-दहा दिवसांपासून तीन आठवडेही लागतात, धीर धरा. टोमॅटो आठवड्यात वर.

शेल्फवर एक छोटा पंखा, मंद, दिवसातून थोडा वेळ. खोड मजबूत होतं आणि हवा खेळती राहते.

पेरूची_फोड

वा, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार! शॉप लाइट ऐकून नवरा लगेच गॅरेजमध्ये काय पडलंय ते बघायला गेला, जुने मालक दोन सोडून गेलेत म्हणे 😀 आता ट्रेमध्ये काय भरू? यार्डातलीच माती चाळून भाजून घेतली तर? आई तशीच करायची, शेणखत नि माती.

बांधावरचा

ताई, मी नारायणगाव पट्ट्यातला, घरचं टोमॅटो आणि गावात रोपवाटिका आहे त्यामुळे रोपांचं थोडं सांगू शकतो. यार्डातली माती नको. परसात गादीवाफ्यावर माती नि शेणखत चालतं कारण पाणी खाली निचरतं, वारं आणि ऊन असतं. ट्रेच्या इवल्याशा खणात तीच माती दगड होते आणि पाणी धरून बसते, मग रोपांना मर लागते. संध्याकाळी रोपं तरारलेली, सकाळी जमिनीलगत खोड बारीक होऊन आडवी. एकदा लागली की औषध मारून आडवी पडलेली रोपं उठत नाहीत, त्यामुळे जे करायचं ते आधी. आमच्याकडेही आता सगळ्या नर्सऱ्या प्रो-ट्रे (खणांचे प्लास्टिक ट्रे) आणि कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) गेल्यात त्याचं मुख्य कारण हेच.

तुम्ही कोकोपीटची वीट घ्या किंवा तिकडे सीड स्टार्टिंग मिक्स मिळतं ते (पीट, परलाइट, व्हर्मिक्युलाइट). कोकोपीट असेल तर एकदा भिजवून पाणी ओतून टाका, कधीकधी त्यात क्षार असतात. ट्रेला भोकं हवीत, जुने ट्रे असतील तर ब्लीचच्या पाण्याने धुऊन. मिक्स आधी भिजवून, मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब पडेल इतपत ओलं, मग ट्रेत भरा, कोरडं भरून वरून पाणी ओतलं की वर तळं आणि आत कोरडं राहतं. एका खणात दोन बिया, पाव इंच खोल, दोन्ही उगवल्या तर एक कात्रीने कापायची, उपटायची नाही. पाणी वरून मारण्यापेक्षा खालच्या ताटात ओता, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून द्या. वरचा थर मधेमधे सुकू दे, निम्मी मर तिथेच टळते. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिळत असेल तर मिक्समध्ये घाला, आम्ही बीजप्रक्रियेला वापरतो.

खत लगेच नको. आधी येतात ती दोन बीजदलं, त्यांच्यात शिदोरी असते. खरी पानं आली की पातळ विद्राव्य खत, डब्यावर लिहिलंय त्याच्या पाव ते अर्ध्या ताकदीचं, आठवड्यातून एकदा, कारण कोकोपीटमध्ये खायला काहीच नसतं.

एक गंमत वाटली. आमच्याकडे टोमॅटोचं रोप २५-३० दिवसांत आणि मिरची-वांग्याचं ३५-४५ दिवसांत शेतात जातं, तुमच्याकडे आठ-दहा आठवडे म्हणतायत. फरक उजेडाचा आणि उबेचा. म्हणजे तुमचा दिवा चांगला आणि बेसमेंट बऱ्यापैकी उबदार असेल तर अजून आठवडाभर उशिरा पेरलं तरी काही बिघडत नाही, रोप वयाने लहान पण बुटकं गुटगुटीत असलेलं केव्हाही बरं. फुलं आलेलं रोप लावू नका, ते कुंडीतच म्हातारं झालेलं असतं.

आणि वालपापडीचं. आपला गावरान वाल-पावटा दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. इकडे पावसाळ्यात लावलेला दिवाळीच्या सुमाराला फुलतो ना, तो त्यामुळे. तुमच्याकडे सप्टेंबरपर्यंत नुसता पाला नि वेल, मग फुलं येतायत तोवर थंडी. कुठल्याही मोसमात फुलणारे वाण आहेत, बंगळुरूच्या आयआयएचआरने काढलेले अर्का जय, अर्का विजय, झुडपासारखे वाढतात. तसं काही मिळालं तरच लावा, नाहीतर जागा अडवू नका. कांद्याची अडचण बरोबर उलटी, आपला नाशिकचा कांदा लहान दिवसाचा, तिकडच्या उन्हाळ्यात मोठा दिवस बघून तो गोटीएवढा असतानाच पोसायला लागतो आणि तिथेच संपतो. तिकडच्या पाकिटावर 'लाँग डे' किंवा 'इंटरमीजिएट' लिहिलेला घ्या.

ह्यूस्टनकर

वाचणाऱ्या टेक्ससकरांसाठी एक सूचना, वरच्या तारखा आपल्याला लागू नाहीत!! आपण टोमॅटो नववर्षाच्या आसपास घरात पेरतो आणि फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये बाहेर. रात्री ७५ च्या वर राहायला लागल्या की फूल गळतं, फळ धरत नाही, म्हणजे जून संपायच्या आत काय ते पदरात पाडून घ्यायचं. भेंडी मात्र आमच्याकडे झाड होतं. ज्याने त्याने आपल्या काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसच्या (शेती-बागेचा सल्ला देणारं केंद्र) साइटवर फ्रॉस्टच्या तारखा बघाव्यात, आणि पाकिटामागचा झोन नंबर बघून पेरणीची तारीख ठरवू नका, झोन हिवाळ्यातली सर्वात कडक थंडी किती ते सांगतो, वसंतातलं शेवटचं फ्रॉस्ट कधी ते सांगत नाही. २०२३ मध्ये झोनचा नवा नकाशा आला तेव्हा अर्ध्या देशाचा झोन अर्ध्या पायरीने उबदार झाला, लोकांनी लगेच टोमॅटो आधी लावायचं ठरवलं, त्याचा काही संबंध नाही.

टोरांटोची_तुळस

कॅनडावाल्यांनी व्हिक्टोरिया डेचा (मेच्या उत्तरार्धातला सोमवार) लाँग वीकेंड धरा, बाकी सगळं सेम.

मातीमोल

मातीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मध्य जर्सीत बऱ्याच भागात खाली लाल शेल (थराथराचा ठिसूळ खडक) आहे, त्याचीच ती लाल चिकट माती. ती मुळात नापीक नसते, अन्नद्रव्य धरून ठेवते, फक्त तिच्यात हवा नसते. त्यात घर नवीन असेल तर बिल्डर वरचा थर खरवडून नेतो, यंत्रं फिरवून बाकीची दाबतो आणि वर दोन इंच माती टाकून लॉन अंथरतो, मग कुदळ वाजणारच. रोपं दिव्याखाली कितीही छान झाली तरी शेवटी इथेच जायची आहेत म्हणून मला विचाराल तर आत्ताचं पहिलं काम बी पेरण्याचं नाही, मातीचं आहे. बर्फ वितळून जमीन जरा मोकळी झाली की पाच-सहा ठिकाणची सहा इंच खोलपर्यंतची माती घ्या, एकत्र करा, रटगर्सच्या (न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ) लॅबला पाठवा. पीएच (मातीचा आम्लपणा) आणि मुख्य द्रव्यं कळतात, किती चुना टाकायचा तेही लिहून येतं. टोमॅटोला ६ ते ६.८ च्या आसपास पीएच लागतो, आपल्याकडची माती बऱ्याचदा त्याच्या खाली असते. घर १९७८ च्या आधीचं असेल तर शिशाचीही तपासणी मागा, त्या साली घरगुती रंगातलं शिसं बंद झालं, जुन्या घरांच्या भिंतीलगतच्या मातीत ते खरवडून पडलेलं असतं. तिथे मेथी-पालक नकोच.

वाफा की जमीन? दोन्ही चालतं. या वर्षीचा विचार केला तर वाफा सोपा, कारण चिकणमाती वसंतात लवकर वाळत नाही आणि ओल्या मातीत फावडं घातलं तर ढेकळं अशी बनतात की वर्षभर फुटत नाहीत. माती हातात घ्या, गोळा करा, बोटाने टिचकी मारा, फुटला तर खणा, नुसता चेपला तर घरी जा चहा प्या. वाफा ४ बाय ८ फुटांचा पुरे, चारपेक्षा रुंद नको, मधे हात पोचत नाही. १० इंच उंचीचा भरायला साधारण एक क्युबिक यार्ड मिश्रण लागतं, पिशव्या आणत बसलात तर खिशाला भोक पडेल, लँडस्केपवाल्याकडून ट्रकने मागवा, निम्मी माती आणि बाकी कंपोस्ट. लॉन खणून काढायची गरज नाही, त्यावर खोक्यांचा पुठ्ठा (टेप काढून, चकचकीत छपाईचा नको) दोन थर भिजवून अंथरा आणि वर माती, गवत खालीच कुजतं. लाकूड साधं चालेल, सीडर टिकतं जास्त. कुठून जुन्या डेकच्या फळ्या फुकट मिळाल्या तर मात्र सावध, २००३ पर्यंतच्या ट्रीटेड (औषध मुरवलेल्या) लाकडात आर्सेनिक असायचं.

शेणखताचा मोह इथेही होतो, जवळपास घोड्यांचे तबेले आहेत आणि खत फुकट देतात. घ्या, पण आधी विचारा की घोड्यांना घातलेल्या गवतावर रुंद पानाच्या तणाचं औषध मारलं होतं का. काही औषधं घोड्याच्या पोटातून आणि कंपोस्टमधूनही तशीच बाहेर येतात आणि टोमॅटोची पानं पिळवटून टाकतात. आणि ताजं खत वसंतात नको, ते पानगळीत पसरायचं.

सहा-आठ तास थेट ऊन पडतं ती जागा आत्ताच ठरवू नका, झाडांना पानं आली की सावली बदलते. शेजारच्याची झाडं पण बघा, कुठे काळा अक्रोड आहे का.

पेरूची_फोड

अक्रोडाचं काय? मागच्या कुंपणापलीकडे एक मोठं झाड आहे, हिरवी टेनिस बॉलसारखी फळं पडली होती आम्ही आलो तेव्हा, हात काळे झाले होते उचलून!

मातीमोल

तोच तो 😬 त्याच्या मुळांतून, पानांतून, फळांच्या सालीतून जुग्लोन नावाचं द्रव्य सुटतं आणि टोमॅटो, वांगी, मिरची ही सगळी मंडळी त्याला फार नाजूक. मोठ्या झाडाचा परिणाम पन्नास-साठ फुटांवरही जाणवतो. रोपं बरी चाललेली असतात आणि जुलैच्या सुमाराला पाणी देऊनही कोमेजतात. नुसता उंच वाफा केला म्हणून सुटका नाही, मुळं खालून वर येतात. तुमचे वाफे यार्डाच्या दुसऱ्या टोकाला, घराच्या बाजूला घ्या, आणि त्या झाडाची पानं कंपोस्टमध्ये टाकू नका. कुंपणाकडे काही लावायचंच तर घेवडा किंवा मका लावा, त्यांना विशेष फरक पडत नाही.

पेरूची_फोड

बरं झालं विचारलं, मी नेमकी तीच कुंपणाची बाजू मनात धरली होती, वेल चढवायला कुंपण आयतं मिळतं म्हणून. मग वेलांसाठी मांडव वेगळा करावा लागेल. बियांचं सांगा ना आता, सासूबाईंना पुढच्या रविवारी फोन आहे. आणि बाहेर नेताना काही काळजी? हरणं पण येतात इथे.

गवती_चहा

बी आणायला सांगू नकोस असं माझं मत. भारतातून पेरायचं बी आणायचं तर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं, कस्टमच्या फॉर्मवर लिहायला लागतं, आणि सासूबाई ते रुमालात बांधून लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवणार, विमानतळावर बीगल कुत्रं बॅगेपाशी बसलं की त्यांची धांदल उडेल नि दंड होईल तो वेगळा. कढीपत्त्याची रोपं, कंद वगैरे तर मुळीच नाही. शिवाय त्या एप्रिलमध्ये येणार, मिरची-वांग्याला तोवर उशीरच झालेला असेल. इथल्या इथे भारतीय भाज्यांचं बी विकणारे ऑनलाइन पुष्कळ आहेत, काटेरी हिरवं वांगं, जांभळं छोटं गोल, ज्वाला मिरची, लांब दुधी सगळं मिळतं. आत्ता मागव म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात हातात येईल. जुनं बी कुणी दिलं तर आधी दहा बिया ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून झिपलॉकमध्ये उबेला ठेव, किती मोड येतात बघ, मग ट्रे अडव.

बाहेर न्यायचं त्याला हार्डनिंग म्हणतात आणि लोक नेमकं ते टाळतात. दिव्याखाली वाढलेल्या रोपाने ना ऊन बघितलंय ना वारा. एकदम बाहेर ठेवलं की दुपारपर्यंत पानं पांढरी पडतात, कागदासारखी. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग थोडं थोडं वाढवत सकाळचं कोवळं ऊन, मग जास्त, असं आठ-दहा दिवस, रात्री आत. त्या दिवसांत पाणी जरा हात राखून. टोमॅटो रात्रीचं ५० च्या खाली जात नाही तेव्हा लावायचा, मिरची-वांगी अजून आठवडाभर थांबव, ५५ च्या वर, ती तेवढ्या थंडीने मरत नाहीत पण अशी ठप्प होतात की जुलैपर्यंत हलत नाहीत. लावायला ढगाळ दिवस नाहीतर संध्याकाळ. टोमॅटो खोलवर गाडायचा, खालची पानं काढून खोड अर्धं मातीत, त्या खोडाला मुळं फुटतात. वांगी-मिरची मात्र कुंडीत होती त्याच खोलीवर.

वांग्याच्या पानांना लावल्या लावल्या बारीक काळे उड्या मारणारे किडे चाळणी करतात, फ्ली बीटल. पहिल्याच दिवसापासून पांढरं जाळीदार कापड टाक, रो कव्हर म्हणून मिळतं, फुलं आली की काढ. रोप मोठं झालं की ते किडे काही वाकडं करू शकत नाहीत.

हरणांना उपाय एकच, कुंपण, सात-आठ फुटी जाळी. साबणाच्या वड्या, केस, अंड्याचं पाणी सगळं लोक करतात, आठवडाभर चालतं. आणि हरणापेक्षा ग्राउंडहॉग (बिळात राहणारा जाडजूड खारीच्या जातीचा प्राणी) वाईट, तो खालून येतो, म्हणून खालची दोन फूट बारीक तारेची जाळी आणि तिचं टोक जमिनीवर बाहेरच्या बाजूला फूटभर दुमडून ठेवायचं, तो कुंपणाला चिकटूनच खणायला लागतो आणि जाळी लागली की सोडून देतो. वाफे करायच्या आधी कुंपणाचं बजेट बाजूला काढा, सगळे उलटं करतात.

खटपट्या_मिशिगन

दुधीचं एक राहिलं. पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, मधमाश्या तोवर घरी गेलेल्या असतात, रात्रीच्या पतंगांचाही भरवसा नसतो, मग छोटे दुधी पिवळे पडून गळतात आणि लोक खत टाकत बसतात. सात-आठच्या सुमाराला नर फूल (लांब दांड्याचं, मागे काही नाही) तोडून मादी फुलाला (मागे इवलासा दुधी असतो) हलकेच लावायचं. सासूबाईंना हे काम द्या.

पेरूची_फोड

😂 😂 देते. त्या सहा महिने आहेत म्हणजे जुलै-ऑगस्टला इथेच असतील. बी मागवलं आत्ताच, वांगी दोन जातीची आणि ज्वाला. दोन शॉप लाइटपैकी एक लागतोय, एक नाही. मांडव वाफ्याच्या उत्तरेला घ्यायचा ना, म्हणजे बाकीच्यांवर सावली पडणार नाही?

मातीमोल

हो, उत्तरेला. आणि खांब दोन फूट तरी खाली गाडा, दुधी धरायला लागले की वजन बरंच होतं.